समोरचा वारा

वेस्ट्रे बेटावरून समोरच्या पापा वेस्ट्रे बेटावर छोटंसं विमान दोन मिनिटांत पोहोचतं. लग्नाचं विचारायला एर्लेंडने नेमका हाच प्रवास निवडलाय, हे थोराने पट्टा बांधतानाच ओळखलं. ती तर कधीची वाट पाहत होती. पण बेटावरची माणसं हवेचं बोलून झाल्याशिवाय मुद्द्यावर येत नाहीत. एर्लेंड वाऱ्याबद्दल बोलला, मग मेंढ्यांबद्दल, आणि "थोरा, मी काय म्हणतो..." म्हणेपर्यंत चाकं टेकलीसुद्धा.

"काय म्हणतोस?"

"काही नाही. उतरू या."

थोराला हसूही आलं आणि रडूही. हा माणूस असाच म्हातारा होणार!

संध्याकाळी परत निघाले, तर पायलट तोच. सकाळचं सगळं त्याने ऐकलं होतं. मागे वळून तो ओरडला, "एर्लेंडभाऊ, आता वारा समोरून आहे. मिनिटभर जास्त मिळेल, बघा बुवा!"

एर्लेंड खाकरला. "वारा आज जरा..."

"वाऱ्याचं झालं, मेंढ्यांचंही झालं," थोराने इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवला. "तू पुढचं बोल."

तो बोलला. ती "हो" म्हणाली तेव्हा खाली अजून समुद्रच होता. उरलेल्या वेळात काय बोलावं हे दोघांनाही सुचेना, म्हणून मग पुन्हा वाऱ्याचा विषय निघाला.