मोजणीत नसलेला पाना

मी एक जुना पाना आहे, दहा नंबरचा, मानेत थोडा वाकडा. ही मान जन्माची नाही. जॉर्डनच्या अम्मानमध्ये मार्का विमानतळालगत आमची विमानदुरुस्तीची शेड आहे. तिथल्या अबू घालिब मिस्त्रीने मला तापवून वाकवले, कारण इंजिनामागचा एक अडचणीतला नट सरळ पान्याला दाद देत नसे. तेव्हा माझे फार लाड होते. पुदिन्याचा चहा पितानाही तो मला खिशातच ठेवी.

मग नव्या हत्यारांचा संच आला. भिंतीवर फळी लागली, फळीवर छत्तीस हत्यारांच्या आकृत्या रंगवल्या गेल्या. रोज संध्याकाळी मोजणी होई. छत्तीस भरल्याशिवाय कुठलेही इंजिन चालू करायचे नाही. मी त्यात नव्हतो. मेजाच्या खणात पडून मी रोज तो आकडा ऐकायचो. मित्रांनो, आपल्याला सोडून सगळे मोजले जातात, तेव्हा फार एकटे वाटते.

पुढे दर शनिवारी निर्वासित मुली विमानाचे काम शिकायला येऊ लागल्या. त्यांत सीरियातल्या दरा शहराची सुलाफ होती. तिचे वडील तिकडे विहिरींचे पंप दुरुस्त करत. सीमा ओलांडताना त्यांची हत्यारांची पेटी मागेच राहिली. तिने खण उघडला आणि मला उचलले.

"अम्मो, हा वाकडा कुणाचा?" तिने विचारले. मुली मिस्त्रीला अम्मो, म्हणजे काका, म्हणत.

"माझा. आम्ही दोघंही निवृत्तीला आलोय," अबू घालिब म्हणाला.

"मला हाच बरा. मिळेल त्या जागेत शिरतो, आमच्यासारखा."

शेवटच्या शनिवारी अबू घालिबने तंत्रशाळेसाठी निवडलेल्या चार मुलींची नावे वाचली. सुलाफचे त्यात होते. त्याचा नियम सगळ्यांना पाठ होता: इंजिनात हत्यार विसरले, की नाव कटले. आणि त्याच आनंदात सुलाफ मला इंजिनाच्या नळ्यांमध्ये विसरली. झाकण बसले. मोजणी झाली, छत्तीस भरले. मुलींची बस निघून गेली.

आत गुडूप अंधार होता. सकाळी ते इंजिन चालवून बघणार होते. ज्याला कुणी मोजत नाही, त्याला शोधणार तरी कोण? मी मनातून पार खचलो.

तासाभराने पावले वाजली. सुलाफ बस थांबवून अर्ध्या वाटेतून चालत आली होती.

"अम्मो, वाकडा आत राहिलाय."

"मोजणी बरोबर आलीय की."

"तो मोजणीत नाहीच ना."

अबू घालिबने झाकण उघडून मला बाहेर काढले. "गप्प बसली असतीस तर नाव राहिलं असतं."

"आणि विमान?"

त्याने मला फडक्याने पुसले. "नियम मोडणार नाही मी. या खेपेला तुझं नाव कटलं. पण न मोजलेलं हत्यार तुझ्या हातात दिलं, ती चूक माझी. तो ब्रश घे."

सुलाफने रडत रडत फळीवर माझी आकृती रंगवली, वाकड्या मानेसकट. नंतरचे सहा महिने मला कुणी हात लावला नाही. तिची आठवण येई. पण संध्याकाळी सदतीस म्हटले जाई.

मित्रांनो, जुने हत्यार वापरू नका हवे तर, पण त्याला मोजायला विसरू नका. पुढच्या खेपेच्या यादीत पहिले नाव सुलाफचे आले. आता ती तंत्रशाळेतून आमच्याच शेडमध्ये कामाला येते आणि संध्याकाळची मोजणी तीच करते. आधी माझ्यावर हात ठेवते आणि म्हणते, "एक."