हिच्या लाइव्हची ड्यूटी

बस डेपोत गेली चोवीस वर्षं मी एकच काम करतो आहे. कोणत्या ड्रायव्हरने कोणत्या दिवशी कोणती गाडी काढायची, ते लावायचं. ड्यूटी लावणारा माणूस कुणालाच आवडत नाही. ज्याला पहाटेची गाडी मिळते तो मला शिव्या घालतो, आणि ज्याला हवी असून मिळत नाही तो म्हणतो, साहेबांना कुणीतरी चहा पाजला असणार. पण माझ्या तक्त्यात चूक काढून दाखवा. दमलेल्या माणसाच्या हातात मी आजवर स्टिअरिंग दिलेलं नाही आणि मला त्याचा अभिमान आहे. उगाच विनय कशाला दाखवू?

त्यामुळे घशाच्या डॉक्टरांनी आमच्या हिला खुर्चीत बसवून, घशात उजेड पाडून, "बाई, हे असंच चालू ठेवलंत तर सहा महिन्यांत आवाज जाईल," असं सांगितलं, तेव्हा मला आधी माझा तक्ताच आठवला.

ही एकतीस वर्षं शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवत होती. निवृत्त झाली आणि तिसऱ्याच महिन्यात हिने फोनवर लाइव्ह वर्ग सुरू केला. मुलांसाठी नव्हे, लिहिता-वाचता न येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. शाळेत एकदा एक बाप मुलीचं प्रगतिपुस्तक उलटं धरून "वा, छान" म्हणाला होता. हिने ते सरळ करून दिलं नाही, कारण मुलगी शेजारीच उभी होती. "तो माणूस माझ्या डोक्यातून जातच नाही हो," असं ती मला कितीदा तरी म्हणाली आहे. अशी माणसं वर्गात येऊन बसायला लाजतात. लाइव्हमध्ये मात्र कोण बघतंय ते कुणाला दिसत नाही. भांडी घासता घासता बघा, नाही तर दाराला कडी लावून बघा. हिचे जुने विद्यार्थी आता मोठे झाले आहेत, त्यांनीच आपापल्या आईबापांच्या फोनवर हिचा वर्ग लावून दिला.

कल्पना उत्तम, पण शिस्तीच्या नावाने शंख. मनात आलं की ही फोन स्टँडला अडकवणार. सकाळी दीड तास, दुपारी पुन्हा दोन तास. पाच जण बघत असले की आणखी पाच येतील म्हणून बोलत राहायची, आणि कुणीच नसलं तरी कुणीतरी येईल म्हणून बोलत राहायची. मधल्या खोलीत फळा, फळ्यासमोर ही, आणि स्वयंपाकघरात मी, स्वतःच्याच घरात चमचा न वाजवता जेवणारा. चार महिन्यांत बघणारे चौदाच्या वर गेले नाहीत. हिचा आवाज मात्र जुन्या दाराच्या बिजागरीसारखा झाला.

डॉक्टरांचं कळताच लेक तडक येऊन थडकली. ती दोन गल्ल्या सोडून राहते आणि आईला रागावायची संधी सहसा सोडत नाही.

"आई, बंद कर आता हे. चौदा माणसांसाठी आवाज घालवणार आहेस का?"

"चौदा म्हणजे कमी वाटतात तुला?"

"तुझ्या वर्गात साठ असायची."

"म्हणून तर वाढवायचे आहेत," ही घोगऱ्या आवाजात म्हणाली आणि खोकत बसली.

शेवटी मी मध्ये पडलो. डॉक्टरांनी आठवड्याला दोन तास मोठ्याने बोलायची मुभा दिली होती. म्हटलं, तेवढ्यात वर्ग बसवायचं काम माझ्याकडे द्या. दोन महिने बघू. बघणारे वाढले तर वर्ग चालू, नाही तर फळा भिंतीवरून उतरवायचा. हिने होकारार्थी मान हलवली. वर्ग बंद पडला तर ही आतून खचेल, हे मला माहीत होतं. आणि आवाज गेला तर? चौतीस वर्षं त्या आवाजाने मला बोलणी ऐकवली आहेत. तो नसलेलं घर मला नको होतं.

रविवारी जेवणाच्या टेबलावर मी मोठा कागद पसरला. आठवड्याला चार वर्ग, पंचवीस-पंचवीस मिनिटांचे. प्रत्येक वर्गानंतर अर्धा तास मौन आणि कोमट पाणी. सुट्टी फिरती, कारण एकाच ड्रायव्हरला कायम रविवार दिला तर बाकीचे डेपो डोक्यावर घेतात. वेळाही फिरत्या. एका आठवड्यात सकाळी, पुढच्या आठवड्यात दुपारी, त्याच्या पुढे संध्याकाळी, म्हणजे कोणत्याही पाळीत काम करणाऱ्याला कधी ना कधी जमेल. लेकीने तो तक्ता रंगीत करून वर्गाच्या पानावर सगळ्यात वर लावला.

"हे वाचायला सोपं आहे ना?" हिने विचारलं.

"पहिलीतलं पोर वाचेल," मी ऐटीत म्हणालो.

पहिल्या आठवड्यात बघणारे नऊ झाले. दुसऱ्यात सहा. चौथ्यात तीन, आणि त्यातली एक आमची लेक, तर दुसरा डेपोतून चोरून बघणारा मी. पंचवीस मिनिटं झाली की ही मुकाट्याने थांबायची. घसा सुधारत होता आणि ही वाळत चालली होती. फळ्यावर काही नसलं तरी पुसत उभी राहायची. "सगळं समोर लिहून दिलंय, तरी लोक येत नाहीत. त्यांनाच नको असेल," असं लेक मला हळूच म्हणाली. ही शेजारच्या खोलीत होती. ऐकलं असणारच, कारण फळा पुसण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी मात्र हिरमुसलो. माझा तक्ता असा कधी तोंडावर आपटला नव्हता.

पाचव्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी डेपोत नेहमीसारखी पुढची ड्यूटी फळ्यावर लावली. आमच्याकडे बसगाड्या धुणारी एक बाई आहे, सगळे तिला मावशी म्हणतात. ती हात पुसत आली.

"साहेब, चष्मा घरी राहिला. माझं काय लागलंय तेवढं वाचून सांगा ना."

अकरा वर्षं दर शुक्रवारी ती हेच म्हणते, आणि दर शुक्रवारी मी तिला "मावशी, चष्म्याला दोरी बांधा आता" असं टोकतो. त्या दिवशीही तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा, हलू नका," आणि माझ्या नव्या शर्टाच्या कॉलरमध्ये राहिलेली टाचणी तिने दोन बोटांनी अलगद काढली. टाचणीचं डोकं मोहरीएवढंही नव्हतं.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. या बाईला चष्मा नव्हता. कधीच नव्हता. तिची ड्यूटी मी तिला नीट, दोनदा वाचून दाखवली, टोमणा न मारता. मग खुर्चीत येऊन बसलो. डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता आणि त्यामागोमाग स्वतःची इतकी लाज वाटली की चहा आला तरी हात पुढे होईना. एक शिक्षिका, एक ड्यूटीवाला आणि एक शिकलेली लेक, अशा तिघांनी मिळून, वाचता न येणाऱ्या माणसांना सांगितलं होतं की वेळ वाचा आणि या. आधी ही दिवसभरात केव्हाही बोलायची, म्हणून त्यांना कधी तरी सापडायची तरी. मी तीही सोय काढून घेतली होती.

घरी येऊन सांगितलं, तर हिने कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, एकतीस वर्षं मास्तरकी केली हो मी! मला कसं नाही सुचलं?" मग हसायला लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "आणि मी विचारलंही होतं तुम्हाला, वाचायला सोपं आहे ना म्हणून!"

"मी काय उत्तर दिलं ते बाहेर सांगू नकोस म्हणजे झालं."

नवा तक्ता कागदावर उतरलाच नाही. वाचता आलं नाही तरी घड्याळ सगळ्यांना कळतं. सोमवार ते गुरुवार, संध्याकाळी साडेसहा, काही झालं तरी बदल नाही. पुढचे तीन दिवस घशाला पूर्ण विश्रांती. एकालाच कायम सोयीची पाळी! डेपोत कुणी असा तक्ता आणला असता तर मी तो त्याच्यासमोर फाडला असता. पण इथे ड्रायव्हर एकच होता आणि प्रवाशांना रोज त्याच थांब्यावर उभं राहायचं होतं. हिने दहा सेकंदांचा निरोप आवाजात रेकॉर्ड केला आणि लेकीने तो सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांना धाडला. आवाज पुढे पाठवायला अक्षर लागत नाही.

मावशीच्या फोनवरही मी तो पाठवला. "आमच्या घरातलीचा कार्यक्रम आहे, बघा सवडीने," एवढंच म्हणालो. तिने तिथेच उभं राहून ऐकला, माझ्याकडे न बघता बादली उचलली आणि निघून गेली. तिला दुखावलं की काय, ही रुखरुख मला लागून राहिली.

त्या सोमवारी अकरा जण आले, पुढच्या सोमवारी एकोणीस. दोन महिने पुरे झाले तेव्हा बघणारे सत्तेचाळीस होते. लेकीने स्वतः स्टुलावर चढून फळ्याचे ढिले झालेले स्क्रू आवळले. पडद्यावर पसंतीचे लाल बदाम उडायचे, पण अभिप्रायाची जागा कोरीच. कोण लिहिणार? "साठ पोरांना गप्प करण्यात माझा निम्मा घसा गेला," ही म्हणायची, "आणि आता सत्तेचाळीस जण गप्प आहेत तर मला करमत नाही."

दहाव्या आठवड्यात हिला सर्दी झाली. बुधवारी दुपारपर्यंत आवाज पार बसला. मी म्हटलं, आज नको. लेकीने फोनवरून धाक घातला. हिचं एकच.

"त्यांना कळवू कसं? निरोप हातोहात फिरलेला, कुणाकुणाकडे गेला ते आपल्याला कुठे ठाऊक? साडेसहाला सगळे येऊन बसतील, मी दिसले नाही तर उद्या येतील का?"

डेपोत माझ्याकडे कायम एक बदली ड्रायव्हर राखीव असतो. इथे रजेची सोयच मी ठेवली नव्हती.

साडेसहाला ही उभी राहिली. आठ मिनिटांत आवाज दोनदा फुटला. मी फोनच्या मागे उभा राहून हातवारे करत होतो, ही माझ्याकडे बघायलाच तयार नव्हती. खडूने अक्षर काढायची, तोंड उघडायची आणि आतून नुसती हवा यायची. मला राग आला होता, भीतीही वाटत होती. पुढे होऊन सरळ फोन बंद करावा असं मनात आलं.

तेवढ्यात त्या कोऱ्या जागेत एक शब्द उमटला. बाई.

ही बोलता बोलता थांबली. माझाही हात तसाच राहिला. बराच वेळ काही झालं नाही. मग खाली दुसरी ओळ आली. आज पुरे.

लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसतं एका फुलाचं चित्र होतं. कोण होतं ते आम्हाला आजही माहीत नाही. ही फोनजवळ आली आणि पहिलीतल्या मुलांना शिकवताना ठेवायची तसं त्या तीन शब्दांखाली एकेक करून बोट ठेवत गेली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. माझ्याही.

जिने डॉक्टरांचं ऐकलं नाही, पोटच्या पोरीचं ऐकलं नाही, नवऱ्याचं तर कधीच ऐकलं नाही, तिने खडू खाली ठेवला.

"बरोबर लिहिलंय," ती सत्तेचाळीस जणांना जेमतेम ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, आणि वर्ग सोडला.