बोरगाव मेघेचा चौकोन

रक्षाचं घर बुडालं ते एका ओळीपायी, आणि ती ओळ तिने स्वतःच्या हाताने लिहिलेली. आता घ्या!

सिंदी मेघेत कापडाच्या दुकानावरच्या माळ्यावर भूपेंद्रचं ऑफिस होतं. दुकान वडिलांचं, माळा त्याचा आणि मेहनत रक्षाची. आकड्यांचे नकाशे-तक्ते पडद्यावर काढणारी एक लायब्ररी, म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅमला वापरता येईल असा तयार कोड, ती दोन वर्षं लिहीत होती. चित्रावर माउस नेला की चित्राने माहिती द्यावी, अशी. तिच्यात पट्टी होती, रेघ होती, बिंदू होता, आणि या सगळ्यांच्या मुळाशी 'वस्तू' नावाचा बेस क्लास, म्हणजे मूळ साचा, होता. जागा कुठे, रंग कोणता, माउस वर आला तर काय दाखवायचं, हे त्या 'वस्तू'त लिहिलेलं. तिच्यापासून जे निघेल त्याला ते आपोआप मिळायचं. पट्टीने स्वतःचं वेगळं सांगितलं तर पट्टीचं चालणार, नाही सांगितलं तर मुळातलं.

रक्षाने मुळात लिहिलं होतं की सांगितल्याशिवाय काही दाखवायचं नाही. भूपेंद्रला ते पटेना.

"गिऱ्हाइकानं माउस फिरवला अन् काहीच नाई दिसलं, तं त्याले वाटंन बंद पडलं. सगळं दाखव. ज्याले लपवायचं तो लपवंन."

"उलटं पाह्यजे, भूपेंद्रभाऊ. ज्याले दाखवायचं हाय त्यानं सांगावं."

"तू लय हुशार हायेस बापा. ओळ बदल."

दोन दिवस ती भांडली, तिसऱ्या दिवशी कंटाळली आणि ओळ बदलून मोकळी झाली. पट्टीत, रेघेत, बिंदूत आपण नीट लिहून टाकू, मग कशाला डोकेफोड? लिहिलंही तिने.

मग एका संस्थेचं काम आलं. जिल्ह्यातल्या सिकलसेल तपासणीचा नकाशा. गावोगावच्या याद्या आल्या, नाव, वय, रिपोर्ट. यातलं एकही नाव बाहेर जाणार नाही अशी सही रक्षाने करून दिली. याद्या तशाच आत भरल्या, पण गावाचा बिंदू फक्त आकडा दाखवणार. इतके तपासले, इतके वाहक. वाहक म्हणजे ज्याला स्वतःला त्रास नाही पण रक्तात आहे. दोन वाहकांचं लग्न झालं तर लेकराला खरा आजार होऊ शकतो. वर्ध्याकडे हे शाळकरी पोरींनाही ठाऊक असतं.

वडनेरच्या यादीत रक्षाची धाकटी बहीण हर्षा होती. वाहक. घरात ते माहीतच होतं. खरं सांगितलं म्हणून दोन ठिकाणी लग्न मोडलं, तेव्हा तिसऱ्या खेपेला आईने तपासणीचं कार्ड पेटीच्या तळाशी टाकलं आणि तोंड मिटलं. तिसरं स्थळ बोरगाव मेघेचा योगेंद्र. त्याची आई शकुबाई आशा सेविका, घरोघर फिरून लोकांना तपासणीला नेणारी. आणि बोरगावची यादी उघडल्यावर रक्षाला काय दिसावं? योगेंद्रही वाहक. म्हणजे बाईने तिकडे तोंड मिटलं होतं तर!

रक्षा कोणाला बोलली नाही. सहीचं निमित्त हाताशी होतं, पण खरं कारण ते नव्हतं. दोन स्थळं मोडल्यापासून उदास झालेली हर्षा त्या पोराशी फोनवर बोलताना खदखदून हसायची. लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू, डॉक्टर आहेतच की. अशी स्वतःची समजूत घालून ती तीन महिने गप्प राहिली.

साखरपुड्याला दहा दिवस उरले असताना नकाशा दाखवायचा कार्यक्रम ठरला. सिंदी मेघेतलं मंगल कार्यालय, शे-दीडशे आशा सेविका, भलामोठा पडदा. नोंदणीच्या टेबलावर रक्षाने हर्षाला बसवलं होतं. शकुबाई आली, होणाऱ्या सुनेच्या गालावरून हात फिरवून तिने कडाकडा बोटं मोडली आणि पहिल्या रांगेत जाऊन बसली.

सकाळी भूपेंद्रला मागच्या खुर्चीवरून बिंदू बारीक वाटले होते. त्या शहाण्याने रक्षाला न विचारता थेट 'वस्तू'पासून एक 'चौकोन' बनवला. रंग दिला, आकार दिला. माउसचं काही लिहिलंच नाही, म्हणजे मुळातलं चालणार, सगळं दाखव. पडदा उजळला, गावागावावर ठसठशीत चौकोन उमटले आणि रक्षा खुर्ची ढकलून उठली.

"भूपेंद्रभाऊ, माउस नोका नेऊ!"

तोवर माउस वडनेरवर पोचला होता. यादी उलगडली, हातभर अक्षरांत. चौथं नाव हर्षाचं. वय चोवीस. वाहक.

शकुबाई ताडकन उठली. "अवं माय! हे तं माही सून होये! नटवून-थटवून बसवली हाय पाहा टेबलावर! किडकं बियाणं माह्या पोराच्या गळ्यात बांधून राह्यले होते!"

दीडशे माना टेबलाकडे वळल्या. कोणी तोंडाला पदर लावून हसलं. हर्षाच्या हातातला पेन तसाच राहिला.

भूपेंद्र माइकमध्ये म्हणाला, "बेस क्लास रक्षा मॅडमचा हाय. मी फक्त चौकोन केला."

"हे मोठी कंप्युटरवाली!" शकुबाई आता रक्षावर घसरली. "बहिणीचा खोटा माल खपवत होती! थू तुमच्या खानदानावर!"

रक्षाच्या अंगाचा तिळपापड झाला. स्टेजवर चढून तिने भूपेंद्रच्या हातातून माउस हिसकावला. रिकाम्या जागी नेला असता तर यादी मिटली असती, एवढंच करायचं होतं. तिला ते स्वच्छ कळत होतं. तिने माउस बोरगाव मेघेवर नेला.

"वाचा ना, शकुमावशी. सातवं नाव. मोठ्यानं वाचा."

योगेंद्र. वय सत्तावीस. वाहक.

शकुबाई मटकन खाली बसली, खुर्चीवर नाही, फरशीवर. आणि रक्षा हसली. माइकसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशी हसली. काय बरं वाटलं तिला, अगदी छातीवरचा धोंडा उतरावा तसं!

पण यादीत योगेंद्र एकटा नव्हता. तेरा नावं होती.

"माही जागृती!" मागून एक बाई किंचाळली. "तिच्या सासरी नाई माहीत वं!" दुसरी पिशवी छातीशी धरून दाराकडे पळाली. तिच्या शेजारणीने तोवर फोन कानाला लावला होता. कोणी पडद्याचा फोटो घेत होतं.

हर्षा टेबलावरून उठून स्टेजपाशी आली. रडत नव्हती.

"ताई, त्याचं तुले कवापासून माहीत हाय?"

"तीन महिने झाले."

"माहंही माहीत, त्याचंही माहीत. अन् मले साडी घ्यायले घेऊन गेलती तू?"

"मी सांगणारच होती, हर्षे. लग्न झाल्यावर..."

"लेकरू झाल्यावर सांगतलं असतं ना! ते दुखण्यानं रडलं असतं, तवा!"

"तुह्याचसाठी गप्प होती वं मी."

"शकुमावशी रागात बोलल्या. भूपेंद्रभाऊच्यानं चुकलं. म्या माहं लपवलं, ते माहं पाप. पण तू हासून राह्यली होती, ताई. म्या पाह्यलं."

हर्षा वळली, फरशीवर बसलेल्या शकुबाईपाशी गेली आणि तिच्या काखेत हात घालून तिला उठवलं. शकुबाईने आधी हात झटकला, मग तोच हात घट्ट धरला. दोघी दाराबाहेर पडल्या.

"हर्षे, थांब ना!" रक्षा ओरडली. हर्षा थांबली नाही.

पहिल्या रांगेतली एक म्हातारी आशा सेविका हात जोडून म्हणाली, "बाई, आतातरी बंद कर ना वं ते."

रक्षाने खाली पाहिलं. तिचा हात अजून माउसवर होता, आणि तोवर सगळ्यांचं वाचून झालं होतं.