ताईचा रिपोर्ट

चाळिशी ओलांडलेल्या बाईनं कुठलंही दुखणं सांगावं, उत्तर ठरलेलं असतं: वय आहे. पाय दुखले, वय. जीव घाबरला, वय. ताईची पाळी दोन वर्षांपासून बेभरवशाची झाली होती. कधी दोन महिने पत्ता नाही, तर कधी दहा-दहा दिवस मुक्काम. जिना चढताना तिला मध्येच बसावं लागायचं आणि ओठ पांढरेफटक पडायचे. तीही हसून तेच सांगायची, "जाता जाता छळतेय मेली. एकदाची गेली की सुटले."

तिची धाकटी बहीण मात्र स्वस्थ बसणाऱ्यांतली नव्हती. ती बावीस वर्षं दवाखान्याच्या लॅबमध्ये नमुने तपासत होती. तिनं स्वतः ताईचं रक्त काढलं, तर हिमोग्लोबिन बाराच्या जागी सात. तशीच ती ताईला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. आई गेल्यावर याच ताईनं स्वतःचं शिक्षण सोडून धाकटीला शिकवलं होतं, त्यामुळे यात उपकार कसले? डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. "बहुतेक पाळीमुळेच आहे," त्या म्हणाल्या, "तरी शौचातून रक्त जात नाही ना, तेवढं एकदा बघून घेऊ."

लोह अंगी लागायला जोडीला आंबट हवं, हे धाकटीला ठाऊक होतं. तिनं आपल्या मनानंच व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या गोळ्या आणल्या. ताईला त्या भलत्याच आवडल्या. दिवसाला दोन सांगितल्या, तर ही बया चार चघळायची. "पहिल्यांदाच खाण्यासारखं औषध दिलंस," म्हणायची. मग तिची चौदा वर्षांची लेक बाटली लपवून ठेवायची आणि घरभर मायलेकींची शोधाशोध चालायची. ताईचा नवरा दुसरा संसार थाटून केव्हाच निघून गेला होता. घरात या दोघीच, आणि दोन गल्ल्या सोडून धाकटी.

शौचाच्या नमुन्याची डबी लॅबच्या खिडकीवर मिळते. पण सख्खी बहीण आत असताना ताईनं रांगेत कशाला उभं राहायचं? धाकटीनं डब्या पर्समधून घरी नेल्या आणि सलग तीन दिवस नमुने स्वतः आणले. कार्डावर नमुना पसरला, वरून दोन थेंब टाकले. रक्त असेल तर कार्ड निळं पडतं. तिन्ही दिवस कार्ड कोरंच राहिलं. तिनं रिपोर्टवर सही ठोकली आणि तिथूनच फोन लावला.

"काही नाहीये गं. पाळीचंच आहे."

"सांगत नव्हते?" ताई म्हणाली, आणि दोघी हसल्या.

त्यानंतर ताईनं आठ महिने निर्धास्तपणे काढले. पोटात कळ आली तर गॅस म्हणायची. वजन उतरलं तर म्हणाली, बरंच झालं, जुने ब्लाउज होतील. हिमोग्लोबिन जरा चढायचं, पुन्हा घसरायचं, आणि खापर पाळीवर फुटायचं. मग एक दिवस ती ज्या शिवणवर्गात शिकवायची तिथेच कोसळली. दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्यात गाठ निघाली. यकृतावरही डाग होते.

"आता कापण्यात अर्थ नाही," सर्जन म्हणाले. फाइल उलटता उलटता ते थांबले. "वर्षभर तरी रक्त जात असणार. हा रिपोर्ट निगेटिव्ह कसा?" सही कुणाची ते त्यांनी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटी कामावर गेली. घरात बसून भिंतींकडे बघत राहणं तिच्यानं झालं नसतं. खिडकीवर एक बाई डबी घ्यायला आली. धाकटीनं बावीस वर्षांत तोंडपाठ झालेले तीन प्रश्न विचारले.

"तीन दिवसांत मटण खाल्लंय? दुखण्यावरची गोळी? व्हिटॅमिन सी चालू आहे?"

"का हो? व्हिटॅमिननं काय होतं?"

"त्यानं कार्ड निळं पडत नाही. रक्त असलं तरी..."

बाईच्या हातात डबी देऊन धाकटी आतल्या स्टुलावर जाऊन बसली. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते उगाच नाही. हजारो परक्यांना जे विचारलं, ते एकाच माणसाला विचारलं नव्हतं. विचारायचं तरी कशाला? गोळ्या तिनंच तर आणून दिल्या होत्या. घरच्या माणसाचं आपल्याला सगळं ठाऊकच असतं. तिला स्वतःची किळस आली.

दुपारी दवाखान्यातल्या खाटेशी बसून, ताईचा हात हातात घेऊन तिनं सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही.

ताईनं विचारलं, "आणि तेव्हा कळलं असतं तर?"

खोटं बोलणं सोपं होतं. "काढता आलं असतं," धाकटी म्हणाली. "बहुतेक वाचली असतीस."

ताईनं आपला हात हळूच सोडवून चादरीखाली घेतला. ती शिव्या देईल याची धाकटी वाट बघत होती. तिला तेवढाच आधार वाटला असता.

"पोरीला कधी कळू द्यायचं नाही," ताई म्हणाली. "तिला आता तुझ्याशिवाय कोण आहे? तुझा राग राग करायला लागली तर जाईल कुठे?"

"ताई, मला माफ..."

"ते मला जमेलसं वाटत नाही गं. तेवढे दिवसच नाहीत. जा, तिला आत पाठव."

बाहेर बाकावर लेक गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. मावशीला बघताच ती उठली आणि तिनं तिचा दंड घट्ट धरला.

"मावशी, इथल्या लोकांचं काहीतरी चुकलंय. आईचं सगळं तूच परत तपास ना. तू तपासलंस तर मी मानेन."

"आत जा," मावशी म्हणाली. "आई बोलावतेय."

"पण तपासशील ना?"

"तपासते," ती म्हणाली.