दुपारचा पहारा

रावजी तात्यांनी हात वर करून मांडवातला भोंगा बंद करायला लावला.

"आरं, मगाधरनं नुसतं ट्यांव ट्यांव चाललंय. ह्यात देव कवा येनार?"

पंगतीतली माणसं हसली. खांबापाशी उभ्या असलेल्या गोकुळनेही हसून पाहिलं, पण ते जमलं नाही.

कळस गावचा हा गोकुळ पुण्यातल्या एका गाजलेल्या रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा. पोरं तिकीट काढून त्याला बघायला यायची. आई, धोंडाबाई, गेली तेव्हा तो बँडबरोबर दौऱ्यावर होता. पोचला तो राख सावडायला. त्यानंतर त्याने बँड सोडला. आई देवळात ज्या चालींवर भजनं म्हणायची, त्या चाली घेऊन वर्षभर खपून एकट्याने अल्बम केला. बँडच्या चाहत्यांनी 'गोकुळबुवा' म्हणून टर उडवली. त्याचं त्याला काही वाटलं नाही. आईचं गाणं बरोबर आलंय, एवढं त्याला वडिलांच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणूनच अल्बम त्याने गावच्या सप्त्यात लावायला आणला होता आणि भोंग्यावर मगाशी तोच चालू होता.

वडील, सावळाराम, देवापुढं वीणा घेऊन उभे होते. सप्ता चालू असेपर्यंत वीणा खाली टेकत नाही, थांबतही नाही. पहारा बदलला की एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते.

गोकुळ जवळ गेला. "आबा, ऐकलं का?"

"ऐकलं की." तार छेडत ते म्हणाले, "चाल तिचीच हाय. पन तिच्या गान्यात बी तूच लई वाजतुयास."

गोकुळ वळून निघाला.

"कुठं निगालास? पाय भरून आल्यात माजं. घे ही."

"मी?"

पंगतीतून रावजी तात्या ओरडले, "बुवा, त्याच्या गळ्यात तुळशीची माळ न्हाय!"

"त्याच्या आईच्या गळ्यात व्हती," सावळाराम म्हणाले आणि त्यांनी वीणा मुलाच्या गळ्यात घातली.

वीणा घेतलेल्याच्या पाया पडायचा रिवाज. सावळाराम वाकले. गोकुळ दचकून मागं सरकला.

"हलू नगंस. ईण्याच्या पाया पडतुय. तुज्या न्हाय."

गोकुळची डावी बोटं सवयीनं तारेवर सूर शोधू लागली.

"दाबू नगं. नुस्ती धर. एकच सूर चालू दे."

त्याने बोटं सोडली. एकच सूर चालू राहिला. त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. पंगतीत आमटी फिरत होती, कुणीतरी मीठ मागत होतं. भोंगा आता पुन्हा लागणार नाही, हे त्याला कळलं होतं.

थोड्या वेळानं रावजी तात्या ताट घेऊन आले. "बुवा, दोन घास खाऊन घ्या."

एरवी वीणेचा सूर जरा अडखळला तरी झोपेतून उठून बसणारे सावळाराम खांबाला टेकून गाढ झोपले होते. तात्यांनी ताट बाजूला ठेवलं, त्यावर दुसरं पालथं घातलं आणि पाय न वाजवता ते पंगतीकडं परत गेले.