सावळारामांचा खण

जरा हात पुसून जवळ या, मित्रांनो. बस, तिथेच थांबा. खण ओढायची घाई नको. मी जुन्नरच्या पेठेतल्या एका वाचनालयातली जुनी कार्डपेटी आहे आणि खणाला हात घालणाऱ्या प्रत्येकाकडे मी आधी संशयानेच पाहते. गोड बोलणाऱ्याकडे तर दोनदा पाहते.

माझा जन्म सागाच्या फळ्यांतून झाला. सुताराने मला छोटे छोटे खण केले, प्रत्येक खणाला पितळेची मूठ लावली आणि आत एक पितळी सळई घातली. कार्डांना खाली भोक असते. त्या भोकातून सळई गेली की कार्ड खणातून हलत नाही. एका कार्डावर एक नोंद. पुस्तकांची कार्डे तर माझ्यात होतीच, पण आमच्या वाचनालयाने आसपासच्या गावांतले जुने कागदही जमवले होते. शाळांची मुलांच्या नोंदीची पटाची पुस्तके, देवळांना दिलेल्या वस्तूंच्या याद्या, भजनाच्या वह्या, फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणे. ते सगळे माळ्यावर बासनात बांधलेले असत आणि कुठल्या बासनात काय आहे, हे फक्त मला ठाऊक असे. लोक यायचे, माझ्या मुठी धरायचे, "केवढी उपयोगी पेटी!" म्हणायचे. मीही मनातून फुगायचे.

मग मी संशयी का झाले? अहो, माणसांनीच केले. एकाने माझ्यातले कार्ड ओढून त्याची सुपारीची पुडी केली. एका विद्वानाने कार्ड पुस्तकात खूण म्हणून ठेवले आणि पुस्तकासकट घरी नेले. त्या कार्डावर नोंदलेला कागद माळ्यावर तसाच पडून राहिला, पण त्याचा पत्ता सांगणारे कोणी उरले नाही. तेव्हापासून मी ठरवले, दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे.

आता मुद्द्यावर येते. माझ्या 'स' च्या खणात एकाच नावाची पाच कार्डे होती. नाव सावळाराम कुंडलिक. जुन्या कागदांत आडनाव घालायची फारशी पद्धत नव्हती. नाव आणि बापाचे नाव, संपले. आमचे ग्रंथपाल ज्ञानेश्वरभाऊ म्हणजे देवमाणूस, पण त्यांनी या पाच कार्डांना पांढरा दोरा बांधला आणि जाहीर करून टाकले की हा एकच थोर पुरुष होता. डोंगरातल्या मढ गावच्या शाळेत शिकला, देवळाला पितळी समई दिली, भजने लिहिली, कुस्ती मारली आणि म्हातारपणी द्राक्षाची बाग लावली. वाचनालयाच्या वार्षिक अंकात त्यांनी यावर लेखही लिहिला. मला पहिल्यापासून शंका होती. १९२७ साली दुसरीत बसणारे पोर १९२८ साली देवळाला समई देईल का? पण पेटीला कोण विचारतो?

ज्ञानेश्वरभाऊंच्या चुकीचे मूळ आपल्याकडच्या रीतीतच होते. आजा गेला की नातवाला त्याचे नाव ठेवायचे. सावळारामाचा कुंडलिक, कुंडलिकाचा सावळाराम, पुन्हा सावळारामाचा कुंडलिक. रहाटाच्या गाडग्यांसारखी तीच नावे वर येतात आणि खाली जातात. ज्या घरी ही दोन नावे जुळली, त्या प्रत्येक घरी असा एक सावळाराम कुंडलिक सापडणारच.

२००३ च्या उन्हाळ्यात संपतराव नावाचे गृहस्थ आले. पांढरे स्वच्छ कपडे, हातात पेढ्यांचा पुडा. म्हणाले, "सावळाराम कुंडलिक हे आमचे आजोबा. मामाकडं मढला राहून शिकले. त्या शाळेच्या नोंदीचा दाखला पाहिजे, राव. पोराच्या ॲडमिशनचं काम आहे." शाळेच्या पटावर मुलाची जात लिहिलेली असते. डोंगरातल्या महादेव कोळी मुलांना राखीव जागा मिळते आणि त्यासाठी पणजोबाच्या काळातली नोंद दाखवावी लागते. वाचनालय अशा नोंदीचा दाखला देई, पण एका नोंदीचा दाखला एकाच घराला. ज्ञानेश्वरभाऊंना आपल्या थोर पुरुषाचा नातू प्रत्यक्ष भेटला. त्यांना आभाळ ठेंगणे झाले. "सोमवारी या, दाखला तयार ठेवतो," म्हणाले. पेढाही खाल्ला. मी मात्र त्या पेढ्याकडेही दोनदा पाहिले.

दुसऱ्याच दिवशी मढची लंकाबाई आली. वय साठीचे, पायांना धूळ, डोक्यावर पदर. तिच्याबरोबर तिची नात हर्षाली नव्हती, ती शहरात अर्ज भरायला गेली होती. हर्षालीला गुरांची डॉक्टर व्हायचे होते. मार्क होते, जागाही मिळत होती. फक्त पणजोबाची शाळेची नोंद मंगळवारच्या आत जात-पडताळणी समितीपुढे ठेवायची होती. नाहीतर जागा दुसऱ्याला.

"नाव काय त्यांचं?" ज्ञानेश्वरभाऊंनी विचारले.

लंकाबाई गप्प.

"आजी, नावाशिवाय कार्ड कसं काढू?"

"मामंजींचं हाय," ती खाली बघत म्हणाली. "माज्या सासऱ्यांचं."

"अहो, पण त्यांचं नाव?"

"ते मी कसं घिऊ, भाऊ?"

ज्ञानेश्वरभाऊंच्या कपाळाला आठी पडली. कोणीतरी म्हातारीला पढवून पाठवले आहे आणि पढवलेले नाव ही वाटेत विसरली, असे त्यांना वाटले. खोटे कशाला सांगू, मलाही तिचा संशय आला. नाव सांगत नाही आणि नोंद मागते! त्यांनी तिला परत पाठवले. ती वळून वळून माझ्याकडे पाहत गेली, जणू तिचे कोणीतरी माझ्यात कोंडले होते.

सोमवारी संपतराव दाखला न्यायला आले आणि त्याच वेळी लंकाबाई हर्षालीला घेऊन पायऱ्या चढली. हर्षालीने दारातूनच नाव सांगितले, "सावळाराम कुंडलिक." ज्ञानेश्वरभाऊ एकदम उखडले. "आज बरं नाव सापडलं! हे बघ मुली, या नोंदीचे वारस इथे बसलेत."

हर्षालीने आजीचा हात घट्ट धरला. मला तिची दया आली, पण दयेने खण उघडत नाही.

ज्ञानेश्वरभाऊंनी दोरा सोडून पाचही कार्डे टेबलावर मांडली. संपतराव हसून म्हणाले, "सगळे आमचेच. समई काय, कुस्ती काय, लई मोठा माणूस."

"आजी, यातलं तुमचं कोणतं?"

हर्षालीने एकेक कार्ड वाचून दाखवले. लंकाबाईने मान हलवली. "समई आमची न्हाई. आमच्या घरात दिव्याला त्याल नव्हतं, द्येवाला कुटनं देनार? कुस्ती न्हाई, बाग न्हाई. साळा तेवढी आमची. तीबी दुसरीतनं सुटली. गुरांमागं गेलं ते. सही तेवढी यायची, ती कोळशानं भिंतीवर काढायचं."

"काय बोलताय!" संपतराव म्हणाले. "आमच्या आजोबांचा शाळेत पहिला नंबर असायचा. माझी आई आजही सांगते, आमचा सावळाराम असा हुशार, सावळाराम तसा हुशार."

लंकाबाईने प्रथमच मान वर केली. "तुमची आई त्यांची कोन, पावनं?"

"कोण म्हणजे? सून."

"आन् ती सासऱ्याचं नाव घेती?" तिच्या आवाजात राग नव्हता, निव्वळ नवल होते. "अवो, मामंजी गेलं, मग माज्याच पोराला त्यांचं नाव ठिवलं. माजं पोटचं पोर, पर मी त्याला जल्मात नावानं हाक मारली न्हाई. तात्याच म्हनत आले. आन् तुमची आई बिनदिक्कत घेती?"

ज्ञानेश्वरभाऊ स्वतः याच मातीतले. त्यांच्या आईने तरी कुठे कधी सासऱ्याचे नाव घेतले होते? परवा म्हातारी का गप्प बसली, हे त्यांना आता लख्ख कळले. ते उठले, माळ्यावरून मढच्या शाळेचे पटाचे पुस्तक काढून आणले आणि धूळ झटकून पान उघडले. हे पान त्यांनी स्वतःही कधी नीट वाचले नव्हते, कार्डावरच सगळी भिस्त. सावळाराम कुंडलिक, इयत्ता दुसरी. शेवटच्या रकान्यात शाळा सोडल्याचे कारण लिहिले होते: गुरे राखण्यास.

संपतराव घड्याळाकडे बघू लागले. "घरचे कागद घेऊन उद्या येतो," म्हणाले. ते आजपर्यंत आलेले नाहीत. जाताना त्यांचे पाकीट राहिले का, हे बघायला मागे वळले, तेव्हाही मी त्यांच्या हातांवरची नजर काढली नाही.

ज्ञानेश्वरभाऊंनी दाखला लिहिला आणि तो लंकाबाईच्या हातात देताना म्हणाले, "आजी, माझं चुकलं." तिने कागद कपाळाला लावला. त्यावर सासऱ्याचे नाव होते, म्हणून तिने आधी पदर सारखा केला. मला भरून आले, मित्रांनो. संशयी असले तरी लाकूडच आहे मी, दगड नाही.

पुढे संगणक आला. कार्डांवरची नावे त्यात भरायला कोणीतरी बसले आणि पाचही सावळाराम पुन्हा एका दोऱ्यात बांधून एक करून मोकळे झाले. ज्ञानेश्वरभाऊ निवृत्त झाले होते, अडवणार कोण? मला उचलून मागच्या पडवीत टाकले. माझ्या एका खणात खराटा आहे, एकात उंदराचे घर. भंगारवाला दोनदा बघून गेला आहे. दुसऱ्या वेळी त्याने फक्त पितळेच्या मुठींचा भाव विचारला.

गेल्या पावसाळ्यानंतर हर्षाली आली. आता ती डॉक्टरीणबाई आहे, डोंगरातल्या गोठ्यांतून फिरते. लंकाबाई गेल्याचे मला तिच्याच बोलण्यातून कळले. तिने पडवीत बसून माझे खण पुसले. पाच सावळारामांची पाच कार्डे पुन्हा वेगळी केली आणि माळ्यावरची मूळ पाने बघून प्रत्येकावर गाव लिहिले. मग 'ल' चा खण उघडला. लंकाबाई त्यात कुठेच नव्हती. ती शाळेत गेली नाही, तिने समई दिली नाही, कुस्ती मारली नाही. हर्षालीने एक कोरे कार्ड काढून त्यावर लिहिले, 'लंकाबाई, मढ', ते सळईत ओवले आणि मूठ पुसून खण लावला.

मित्रांनो, तुमच्यावरही माझा पुरता विश्वास नाही, तरी सांगते. नाव एक दिसले म्हणून माणूस एक समजू नका. कार्डावर विसंबू नका, माळ्यावर चढून मूळ पान बघा. कागद घेतलात तर जागेवर ठेवा. मला भंगारात द्यायचे असेल तर द्या, पण त्याआधी 'ल' चा खण उघडा आणि ते एक कार्ड मोठ्याने वाचा. तिने जन्मभर दुसऱ्यांची नावे ओठांआड ठेवली. तिचे नाव घ्यायला मात्र तुम्हांला कुणाचीच आडकाठी नाही.