पहिल्या नंबरचा फोटो

"अरे दादा, काय केलंस हे!"

दादाचा अंगठा अजून बटणावरच होता. मी घसा कोरडा करून सांगत होते, "आईचे फोटो आहेत ह्यात, आठच आहेत, पण शेवटचे," आणि हा आपला 'हं, हं' करत कार्ड फॉरमॅट करून मोकळा! वर नेहमीसारखा एक ट्रायल फोटोही मारला. समोर मी होते, म्हणून माझाच.

तीस वर्षं लग्नांचे फोटो काढतोय. कॅमेरा हातात आला की आधी कार्ड साफ, मग एक ट्रायल, मगच काम, हा त्याचा नेम. लेन्सवर तोंडाने फुंकर मारली म्हणून त्याने एका नवरदेवाला भर मांडवात झापलं होतं. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकत असताना कुणी कार्ड उपटलं, तर त्याच्याशी आठवडाभर अबोला. त्याच्या ह्या शहाणपणाचा मला अगदी वैताग यायचा.

आई गेली, त्याच्या आदल्या रविवारी मी दादाच्याच ह्या जुन्या कॅमेऱ्याने ते फोटो काढले होते. तो तेव्हा परगावी, कुणाच्या तरी लग्नात. त्याने ते पाहिलेसुद्धा नव्हते.

दादाने कॅमेरा बंद केला. कार्ड काढून त्याच्या कडेची बारीक कळ सरकवली.

"लॉक केलंय. आता ह्यावर नवीन काही जाणार नाही. पुसलेलं परत आणता येतं गं. पण ज्याच्यावर नवीन बसलं, ते गेलं."

"म्हणजे?"

"एक गेला. तुझ्या ट्रायलखाली." मग खाली बघत म्हणाला, "चूक माझी."

हे दोन शब्द त्याच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा ऐकले.

कॉम्प्युटर दोन तास चालला. चहा दोनदा गार झाला. एकेक करत सात फोटो आले. आई एकात खिडकीकडे बघतेय, एकात चपलेकडे, एकात "पुरे गं बाई आता" म्हणून हात उडवतेय. कॅमेऱ्याकडे सरळ बघितलं होतं ते फक्त पहिल्यात. नेमका तोच गेला.

"कशी होती त्यात?" दादाने विचारलं.

त्याला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवलं होतं, पण रडूच फुटलं. "दारात उभी होती. चष्मा हातात. केस मीच विंचरले होते. म्हणाली, नीट काढ हो, दादाला दाखवायचाय."

तो उठून उगीचच लेन्स पुसत बसला.

आठवड्याने त्याने पाकीट आणून दिलं. आठ प्रिंट, मागे क्रमाने नंबर. एक नंबरवर मी होते, तोंड उघडं, बोलता बोलता. उलटून पाहिलं. नंबराखाली त्याच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलं होतं:

दारात. चष्मा हातात. केस विंचरलेले. माझ्याकडे बघतेय.